सायकलच्या चाकाचा वेग आणि घरगुती संवेदक

जिल्हा वा तालुका पातळीवरील विज्ञान प्रदर्शनात सायकलचा वेग दाखविणारे एखादे उपकरण हमखास मांडलेले आढळते. पुढच्या चाकाच्या आऱ्याला एक छोटे लोहचुंबक, चिमट्याला बांधलेली काचेची बारीक नळी, दोन तारा आणि हँडलवर आकडे उजळणारी एक पट्टी, एवढाच त्याचा पसारा असतो. विद्यार्थी चाक हाताने फिरवून दाखवितो, पट्टीवर १८.३७ असा आकडा उमटतो आणि पाहणारे कौतुकाने पुढच्या टेबलाकडे वळतात. या आकड्यातील किती अंक खरे आणि किती केवळ शोभेचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक या उपकरणाचे शैक्षणिक मोल त्या एका प्रश्नातच साठविलेले आहे.

चाकावरून वेग काढण्याचे गणित सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला सहज समजेल इतके सोपे आहे. चाकाचा एक फेरा पूर्ण झाला की सायकल चाकाच्या परिघाइतकी पुढे जाते. त्या फेऱ्याला लागलेल्या वेळाने परिघास भागिले की वेग मिळतो. सायकलच्या चाकाचा परीघ २.२ मीटर धरला आणि एका फेऱ्यास ०.४४ सेकंद लागले, तर वेग सेकंदास ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर होतो. यात परीघ आणि वेळ या दोनच राशी आहेत. घरगुती संवेदक, मग तो कितीही कौशल्याने बनविलेला असो, यांपैकी केवळ दुसऱ्या राशीशी संबंधित असतो. पहिली राशी त्याला कोणीतरी आधी सांगावी लागते, आणि बहुतेक उपकरणांतील चूक तेथेच दडलेली असते.

काचेच्या नळीतील दोन पात्या

घरगुती संवेदकांत सर्वांत सोयीचा म्हणजे रीड स्विच. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी तो १९३६ साली शोधून काढला. काचेच्या बंद नळीत लोहमिश्रित धातूच्या दोन लवचिक पात्या एकमेकींपासून केसभर अंतरावर असतात. चुंबक जवळ येताच त्या परस्परांना चिकटतात व विद्युतप्रवाह सुरू होतो, चुंबक दूर गेला की त्या सुटतात. त्याला स्वतःची वीज लागत नाही, धूळ आत शिरत नाही, पावसाचा त्रास होत नाही. दारे-खिडक्यांवर चोरघंटेसाठी बसविण्यात येणाऱ्या जोडीतही हेच दोन घटक असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो सुटा मिळतो आणि त्याची किंमत कोणत्याही शाळेला परवडण्यासारखी असते.

मात्र या साध्या स्विचच्या दोन खोडी आहेत आणि त्या माहीत नसल्या म्हणजे विद्यार्थी हैराण होतात. पहिली अशी की, पात्या एकमेकींवर आदळताना एकदम स्थिर होत नाहीत. जमिनीवर टाकलेला चेंडू जसा काही वेळ उसळत राहतो, तशा त्या क्षणमात्र उघडझाप करतात. हा प्रकार मिलिसेकंदाच्या एखाद्या अंशापासून एकदोन मिलिसेकंदांपर्यंत चालतो. माणसाला तो जाणवतही नाही, परंतु मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला मात्र एका फेऱ्याऐवजी चार-पाच फेरे झाल्याचे भासते आणि ताशी १८ किलोमीटरची सायकल क्षणभर आगगाडीलाही मागे टाकते. यावर उपाय सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगानेही सायकलच्या चाकाला एका फेऱ्यास ०.१३ सेकंद लागतात. म्हणून एक संकेत मिळाल्यानंतर पुढील ०.०५ सेकंदात येणारा कोणताही संकेत यंत्राने ऐकूच नये अशी व्यवस्था केली, की ही उसळी निरुपद्रवी ठरते.

दुसरी खोड चुंबकाच्या बसविण्याची. चुंबकाचे ध्रुव नळीला समांतर ठेवून तो तिच्या लांबीच्या दिशेने सरकत गेल्यास एकाच वेळी जाताना स्विच दोन किंवा तीन वेळा मिटू शकतो, कारण चुंबकीय क्षेत्राची मधल्या बाजूस एक व दोन्ही कडांना एकेक अशी प्रभावाची ठिकाणे असतात. चुंबक किंवा नळी थोडी वळवून पाहिली, की प्रत्येक फेऱ्यास नेमका एकच संकेत मिळेल अशी जागा सापडते. हे काम पुस्तकापेक्षा हाताने लवकर साधते. तत्पूर्वी चाकाचा आउट सायकल दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्यावा. चाक डगमगत असेल तर चुंबक व नळी यांतील अंतर कमीजास्त होते आणि मधूनच एखादा फेरा मोजायचा राहतो.

रीड स्विचऐवजी हॉल संवेदकही वापरता येतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो आधारलेला आहे. त्यात हलणारा भाग नसल्याने उसळी नाही, परंतु त्याला अखंड विजेचा पुरवठा लागतो. आऱ्यांमधून प्रकाशकिरण सोडून ते मोजण्याची युक्तीही काही विद्यार्थी करतात. ती प्रयोगशाळेत उत्तम चालते, भर उन्हात मात्र संवेदक दिपून जातो. शिवाय आरे हबच्या दोन्ही बाजूंकडून तिरपे येत असल्याने त्यांच्यातील अंतरे सारखी नसतात. एकेकाळी खेड्यापाड्यांतील सायकलींना सर्रास दिसणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो हाही खरे तर एक वेगसंवेदकच होता. चाक जितके जलद, तितकी त्याच्या प्रत्यावर्ती विजेची कंप्रता अधिक. पावसात त्याची चकती टायरवर घसरते, हा दोष त्या काळच्या प्रत्येक सायकलस्वाराने मंदावणाऱ्या दिव्याच्या रूपाने अनुभवलेला आहे. आऱ्यांत पत्त्याचा तुकडा अडकवून फटफटीचा आवाज काढणारी मुलेही नकळत वेगच मोजत असतात. आपल्याकडील साध्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ आरे असतात. ताशी १८ किलोमीटरला तो पत्ता सेकंदास सुमारे ७३ वेळा वाजतो.

फेरे मोजावे की वेळ?

संवेदकाकडून संकेत तर मिळाला, आता त्याचे काय करावयाचे, या ठिकाणी बहुतांश प्रदर्शनीय उपकरणांची पहिली मोठी चूक होते. एका सेकंदात किती फेरे झाले ते मोजून त्यास परिघाने गुणणे ही पद्धत स्वाभाविक वाटते. परंतु ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलच्या चाकाचे एका सेकंदात २.२७ फेरे होतात. यंत्र अपूर्ण फेरा मोजू शकत नाही. ते कधी २ मोजते, तर कधी ३. पट्टीवर आळीपाळीने १५.८४ व २३.७६ असे आकडे दिसतात. दशांशापुढे दोन स्थाने आहेत आणि पहिला अंकच डळमळीत आहे! मोजण्याचा अवधी दहा सेकंदांचा केला तर आकडा स्थिरावतो, पण तोवर सायकलस्वार चढ संपवून उताराला लागलेला असतो.

याउलट एका संकेतापासून दुसऱ्या संकेतापर्यंतचा वेळ मोजला तर हा प्रश्नच उरत नाही. मिलिसेकंदापर्यंत वेळ मोजणारे साधन असले तरी ०.४४ सेकंदात एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी. इटलीतील इव्हरिया येथे २००५ मध्ये जन्मलेला आणि आता शाळांच्या प्रयोगशाळांतून पोहोचलेला आर्डुइनो हा छोटा नियंत्रक-फलक तर चार मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ वाचू शकतो. अटल इनोव्हेशन मिशनखाली शाळांतून उभारण्यात आलेल्या टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे असे फलक अनेक विद्यार्थ्यांच्या हाती आले आहेत.

बारीक वेळ वाचता येणे आणि घड्याळ बरोबर असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी होत. आर्डुइनोच्या सर्वाधिक प्रचलित फलकावर, म्हणजे ऊनोवर, वेळेचा ठोका देण्याचे काम मुख्य चिपसाठी क्वार्ट्झ स्फटिकाऐवजी सिरॅमिकचा कंपक करतो, आणि अशा कंपकात अर्ध्या टक्क्यापर्यंतचा फरक ग्राह्य धरण्यात येतो. तपासणी घरीच करता येते. फलकाला एक तास मोजावयास लावावे आणि मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहावे. साडेतीन सेकंदांचा फरक आला तर घड्याळात सुमारे एकदशांश टक्का चूक आहे, आणि ती एकदा कळली की गणितात दुरुस्त करून घेता येते.

वेळ मोजण्याच्या पद्धतीत एक अडचण शिल्लक राहते. सायकल एकाएकी थांबली तर पुढचा संकेत येतच नाही आणि पट्टी जुनाच वेग दाखवीत राहते. यासाठी यंत्राला असे सांगावे लागते की, मागील फेऱ्याइतका वेळ उलटूनही संकेत आला नाही, तर वेग उतरू लागला आहे असे समज. दोन सेकंद संकेत नसेल तर वेग ताशी चार किलोमीटरच्या खाली गेला हे निश्चित होते. त्यावेळी शून्य दाखविणे योग्य.

चुंबकांची संख्या वाढविली म्हणजे अचूकता वाढते, असा एक समज आढळतो. मोजणी लवकर मिळते हे खरे, अचूक मिळतेच असे नाही. हबपासून २५ सेंटिमीटरवर समोरासमोर दोन चुंबके बसविली आणि त्यांपैकी एक जागेपासून एक सेंटिमीटर सरकले, तर चाकाचे दोन अर्धे भाग सारखे राहत नाहीत. एकसारख्या वेगाने चालणारी सायकल एकदा सव्वा टक्क्याने जलद व एकदा तितकीच मंद भासते. चतुर विद्यार्थी यावर असा तोडगा काढतात की, प्रत्येक चुंबकाची वेळ शेजारच्या चुंबकाशी न ताडता त्याच चुंबकाच्या आधीच्या फेऱ्याशी ताडावयाची. मग प्रत्येक वेळी पूर्ण फेराच मोजला जातो आणि चुंबके कोठे बसली आहेत याला महत्त्व राहत नाही. दोन्ही पायांच्या दाबाबरोबर वेगात येणारी बारीक लयही या मार्गाने टिपता येते.

न्यूयॉर्कचे १४८ मीटर

येथवरच्या साऱ्या अडचणी इलेक्ट्रॉनिक्सच्या होत्या आणि त्या सोडविता आल्या. आता परिघाकडे वळले पाहिजे. त्याचे महत्त्व समजण्यासाठी अमेरिकेतील एक प्रसिद्ध घटना पाहणे उपयुक्त ठरेल.

२५ ऑक्टोबर १९८१ रोजी न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये आल्बर्टो सालाझार यांनी २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत शर्यत जिंकली. १९६९ पासून डेरेक क्लेटन यांच्या नावावर असलेला २ तास ८ मिनिटे ३४ सेकंदांचा जागतिक उच्चांक त्यांनी २१ सेकंदांनी मागे टाकला. काही वर्षांनी मार्गाची फेरमोजणी झाली आणि तो ४२.१९५ किलोमीटरपेक्षा सुमारे १४८ मीटरने आखूड असल्याचे निष्पन्न झाले. सालाझार यांच्या गतीने एवढे अंतर धावावयास २७ सेकंद लागतात. उच्चांकाचा फरक २१ सेकंदांचा, मार्गातील तूट २७ सेकंदांची. उच्चांक रद्द झाला.

१४८ मीटर म्हणजे मॅरेथॉनच्या अंतराचा ०.३५ टक्का. हेच प्रमाण २.२ मीटर परिघाच्या चाकाला लावले तर परिघात पावणेआठ मिलिमीटर आणि चाकाच्या त्रिज्येत अवघा सव्वा मिलिमीटर फरक येतो. सायकलच्या टायरमध्ये हवा थोडी कमी असली, किंवा स्वार आठ-दहा किलोने जड असला, तर टायर याहून अधिक दबू शकतो. संवेदक मायक्रोसेकंदांत मोजत असला तरी टायरमधील या सव्वा मिलिमीटरची त्याला कल्पना नसते.

ही तुलना केवळ कल्पनेची नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रस्त्यावरील शर्यतींचे मार्ग आजही सायकलनेच मोजण्यात येतात. ब्रिटनमध्ये जॉन ज्युएल यांनी १९६०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अॅलन जोन्स यांनी आपल्या मुलाच्या साह्याने पुढच्या चाकाच्या आसावर बसणारा एक छोटा गणक तयार केला. चाकाच्या एका फेऱ्यात तो वीस अंक पुढे सरकतो, म्हणजे दर अंकास सुमारे अकरा सेंटिमीटर. त्याच्यात ना चुंबक, ना वीज, केवळ दंतचक्रे. घरात घडविलेल्या या साधनाने पुढे जगभरातील मॅरेथॉन मार्गांची मापे ठरविली. त्याचा अचूकपणा दंतचक्रांपेक्षा वापरण्याच्या शिस्तीत आहे. चाकाचा परीघ कोष्टकातून घेतला जात नाही. किमान तीनशे मीटरचा सरळ रस्ता पोलादी फितीने मोजून त्यावर तीच सायकल, तोच स्वार आणि तीच हवा घेऊन मोजणीपूर्वी चार व मोजणीनंतर चार खेपा करण्यात येतात. दिवस तापून टायर फुगला की त्याच अंतरास कमी फेरे लागतात, सायंकाळी गार झाला की अधिक. दोन्ही वेळच्या खेपांतून हा फरक पकडला जातो. एवढे करूनही अंतराच्या एक सहस्रांशाची भर घालण्यात येते. मॅरेथॉनला ती ४२ मीटर होते. मार्ग थोडा लांब झाला तरी चालेल, आखूड नको, हा त्यामागील हेतू.

शाळेच्या पटांगणावर

साध्या २८ इंची चाकाचा परीघ कागदावर सुमारे २.२३ मीटर येतो. स्वार बसल्यावर तो किती राहतो हे शाळेच्या पटांगणावरच पाहावे. टायरमध्ये नेहमीची हवा भरून, व्हॉल्व्ह बरोबर खाली येईल अशा स्थितीत जमिनीवर खडूने रेघ मारावी. नेहमीचा स्वार सायकलवर बसलेला असावा. रिकामी सायकल ढकलत नेऊन घेतलेले माप निरुपयोगी असते, कारण टायर दबलेलाच नसतो. हँडल न वळविता सरळ रेषेत चाकाचे दहा फेरे झाल्यावर व्हॉल्व्ह पुन्हा खाली येईल तेथे दुसरी रेघ मारावी व दोन्ही रेघांमधील अंतर पोलादी फितीने मोजावे. शिंप्याची किंवा कापडी फीत ताणली जाते, ती वापरू नये. अंतर २२.१४ मीटर आले तर परीघ २.२१४ मीटर. एकाच फेऱ्याचे माप घेतले असते, तर रेघ मारण्यातील एका सेंटिमीटरची चूक जवळजवळ अर्धा टक्का झाली असती. दहा फेऱ्यांत तीच चूक अर्ध्या दशांश टक्क्यावर येते. या एका उदाहरणाने सरासरीचे तत्त्व जितके समजते, तितके फळ्यावरील दहा गणितांनी समजत नाही.

चुंबक पुढच्या चाकालाच लावावे. मागच्या चाकावर पायडलचा जोर येतो व ते किंचित घसरते. पुढच्या चाकात वेगळा दोष आहे. तोल सांभाळताना ते नागमोडी जाते, म्हणून सायकलपेक्षा थोडे अधिक अंतर चालते. शिकाऊ स्वाराच्या बाबतीत हा फरक डोळ्यांनीही दिसतो.

आता पडताळा. फितीने मोजलेल्या दोनशे मीटर अंतरावर सायकल चालवावी आणि प्रत्येक फेऱ्याचा वेळ नोंदवून ठेवावा. २.२१४ मीटर परिघास फेरे ९० च्या थोडे वर यावयास हवेत. नोंदींच्या यादीत एखादा वेळ शेजाऱ्यांच्या बरोबर दुप्पट असेल तर एक संकेत हुकला आहे. एखादा अगदी तुटपुंजा असेल तर पात्यांची उसळी निसटून आत आली आहे. यादीतच रोग दिसतो. पट्टीवरचा सुंदर आकडा मात्र तो झाकून टाकतो, यासाठी विद्यार्थ्यांनी आकडा दाखविण्याआधी यादी ठेवावयास शिकणे इष्ट. हातातील घड्याळाने पडताळा घ्यावयाचा असेल तर अंतर जास्त ठेवावे. बोट दाबण्यातील दोन दशांश सेकंदांची चूक शंभर मीटरच्या खेपेत एक टक्का होते, पाचशे मीटरमध्ये ती दोन दशांश टक्क्यावर उतरते. मोबाइलमधील उपग्रह-प्रणाली मोकळ्या सरळ रस्त्यावर चांगली साथ देते. दाट झाडीत, उंच इमारतींच्या मधून किंवा वळणावळणाच्या घाटात तिच्यावर विसंबू नये.

एवढी काळजी घेतल्यास साध्या सायकलवरील घरगुती संवेदकाने अर्ध्या टक्क्याच्या आत वेग मोजता येतो. ताशी २० किलोमीटरला ही चूक एकदशांश किलोमीटर होते. म्हणजे पट्टीवर २०.० लिहावे, २०.०३ लिहू नये.

हेच साधन अंतरही सांगते आणि म्हणून ग्रामपंचायत सदस्यांच्याही उपयोगाचे आहे. वस्तीपासून शाळेपर्यंतचा रस्ता खरोखर किती लांब, पाणंद किंवा गटाराचे काम अंदाजपत्रकात दाखविल्याइतके झाले आहे काय, हे एका सकाळी सायकलवरून पाहता येते. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. त्यांच्या रोजच्या वाटा मोजण्याचा प्रकल्प त्याच विद्यार्थिनींकडून उत्तम होईल. मात्र अशा मोजणीचे स्थान शंका उपस्थित करण्यापुरतेच आहे, हे ध्यानात ठेवावे. देयकासाठी ग्राह्य धरले जाते ते अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत नोंदविलेले माप, आणि व्यवहारात वापरावयाच्या मापन साधनांची पडताळणी वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ अन्वये होत असते. सायकलवरील मोजणीत दोन-तीन टक्क्यांहून अधिक तफावत दिसली, तर शाखा अभियंत्यास पोलादी फीत घेऊन येण्याची विनंती करावी, आणि तत्पूर्वी टायरमधील हवा एकदा पुन्हा तपासून पाहावी.